चौथा डोस

अल्सरेटिव्ह कोलायटिस या मोठ्या आतड्याच्या आजारावर इन्फ्लिक्सिमॅब नावाचं औषध देतात. त्याचं वेळापत्रक लक्षात ठेवायला सोपं आहे. पहिली सलाइन आज, दुसरी दोन आठवड्यांनी, तिसरी सहाव्या आठवड्यात. चौथी चौदाव्या आठवड्यात आणि तिथून पुढे दर आठ आठवड्यांनी एक. माझ्या मावसभावाने पहिल्या तीन घेतल्या. पतसंस्थेचं कर्ज, वहिनीच्या दोन बांगड्या आणि मेहुण्याचे हातउसने एवढ्यात तीन बसल्या. दिवसाला दहा-बारा वेळा रक्ताची संडास होत होती, ती दोनवर आली. स्टिरॉइडने सुजलेला चेहरा उतरला. भाजीचा टेम्पो घेऊन तो पुन्हा रस्त्याला लागला. या आजारात रस्त्याला लागणं ही केवढी गोष्ट आहे, ते पुढचं पेट्रोलपंप किती लांब आहे याचा हिशेब ज्यांनी घामाघूम होऊन केलाय त्यांनाच कळेल.

चौदावा आठवडा जूनमध्ये आला. जूनमध्ये दोन पोरांची फी होती आणि टेम्पोचा विमा. 'बरं वाटतंय तर कशाला' हे वाक्य घरात आधी कोण बोललं, ते आता कोणालाच आठवत नाही. चौथी सलाइन राहिली. आठ महिन्यांनी रक्त परत आलं, पुन्हा पैसे उभे केले, पुन्हा सलाइन लावली. पंधराव्या मिनिटाला अंगावर गांधी उठल्या, छाती आवळली, थंडी भरली. सलाइन काढली. डॉक्टर म्हणाले, मधल्या काळात शरीराने या औषधाविरुद्धच प्रतिपिंडं तयार केली. हे औषध आता तुम्हाला बंद.

आता मला सांगा, हा माणूस कोणत्या रकान्यात लिहायचा? आठव्या आठवड्यात कोणी विचारलं असतं तर तो यशस्वी उपचाराचं उदाहरण होता. वर्षाअखेरीस विचारलं असतं तर तो संपर्कातच नव्हता. दुसऱ्या वर्षी विचारलं तर औषधाची रिॲक्शन. तिन्ही उत्तरं खरी आहेत, आणि तिन्हींत खरं कारण नाही. खरं कारण जून महिना.

इन्फ्लिक्सिमॅबसारखी बायोलॉजिक औषधं प्रत्यक्षात किती चालतात, किती सुरक्षित आहेत, असं विचारलं की आपल्याकडे परदेशातले आकडे वाचून दाखवले जातात. ते खोटे नाहीत. पण ते चौथा डोस मिळालेल्यांचे आकडे आहेत. आपल्याकडे तो किती जणांना मिळतो आणि न मिळालेल्यांचं पुढे काय होतं, हे प्रत्येक रुग्णालयाला लिहून ठेवावं लागेल अशी कसलीही सक्ती नाही. माझं भांडण औषधाशी नाही, या न लिहिण्याशी आहे.

ज्यांच्या घरात हा आजार नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणजे मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला येणारी सूज आणि जखमा. गुदाशयापासून सुरू होऊन वर सरकणाऱ्या. रक्त, शेम, कुंथणं, आणि एकदा लागली की थोपवता न येणारी घाई. आपल्याकडे या रक्ताला पहिलं नाव मिळतं ते मूळव्याध. चौकातल्या पाटीखालच्या दवाखान्यात भावाचं दीड वर्ष त्यातच गेलं. निदान झाल्यावर मेसालामाइनच्या गोळ्या, त्याने भागलं नाही तर स्टिरॉइड, मग अ‍ॅझाथायोप्रिन, आणि त्याच्याही पुढे बायोलॉजिक. ही औषधं रसायनांच्या भट्टीत बनत नाहीत; जिवंत पेशींकडून तयार करून घेतलेली ती प्रथिनं असतात. इन्फ्लिक्सिमॅब शरीरातल्या टीएनएफ या सूज पेटवणाऱ्या प्रथिनाला पकडून ठेवतं. २००५ साली अमेरिकेत कोलायटिससाठी त्याला मान्यता मिळाली.

ती ज्या दोन चाचण्यांवर मिळाली त्यांत मिळून ७२८ रुग्ण होते. पहिल्या चाचणीत आठव्या आठवड्यात नेहमीच्या मात्रेवरच्या ६९ टक्के रुग्णांना फरक पडला होता. नुसतं औषधाविना सलाइन घेतलेल्यांत ३७ टक्क्यांना. हा आकडा सगळीकडे सांगितला जातो. त्याच चाचणीचा वर्षानंतरचा आकडा कमी वेळा ऐकू येतो: आजार पूर्ण शांत असलेले ३५ टक्के, विरुद्ध १७ टक्के. म्हणजे दुप्पट फायदा, हे खरं. आणि तीनातले जवळपास दोघे वर्षाअखेरीस पूर्ण शांत नव्हते, हेही खरं. रुग्णाला यातलं एकच वाक्य सांगणारा डॉक्टर खोटं बोलत नसतो, पण घर गहाण टाकायला निघालेल्या माणसाला दोन्ही वाक्यं ऐकायचा हक्क आहे.

शिवाय चाचणीत घेतात कोणाला? अमेरिकेतच २०१२ साली एका अभ्यासाने तपासलं, की दवाखान्यात येणाऱ्या आतड्याच्या सूजेच्या मध्यम ते तीव्र रुग्णांपैकी चाचणीच्या निकषांत किती बसले असते. उत्तर आलं ३१ टक्के. बाकीचे कोणी फार आजारी, कोणाला दुसरा एखादा रोग, कोणी आधीच दुसरं औषध घेतलेले. त्यातही चाचणीतल्या माणसाला औषध फुकट मिळतं, तारखेची आठवण करून द्यायला परिचारिका फोन करते. चौथ्या डोसची अडचण तिथे येऊच शकत नाही. ती मुळात चाचणीच्या दाराबाहेर ठेवलेली असते, चपलांसारखी.

डोस चुकवल्याने काय होतं, हे मात्र विज्ञानाला वीस वर्षांहून अधिक काळ माहीत आहे. २००३ साली बेल्जियममधल्या डॉक्टरांनी क्रोन्स या सख्ख्या भावंड आजाराचे १२५ रुग्ण पाहिले. त्यांना इन्फ्लिक्सिमॅब ठरलेल्या अंतराने न देता गरज पडेल तेव्हा दिलं जात होतं. ६१ टक्के रुग्णांच्या रक्तात औषधाविरुद्ध प्रतिपिंडं सापडली. ज्यांच्यात ती जास्त होती त्यांना रिॲक्शन जास्त आल्या आणि औषधाचा असरही लवकर ओसरला. गरजेप्रमाणे द्यायची ती पद्धत तिथे पुढे सोडून दिली गेली. आपण ती २०२० नंतरही चालवतो, फक्त आपली गरज आतडं ठरवत नाही, पाकीट ठरवतं.

म्हणून माझं म्हणणं जरा कडवट वाटेल असं आहे. वर्षभराची सोय नसताना हौसेने तीन डोस सुरू करून देणं हे बहुतेक वेळा उपकार नसून नुकसान आहे. अपवाद एकच, आणि तो मोठा आहे: रुग्ण तीव्र झटक्याने दाखल झालाय, शिरेतून दिलेल्या स्टिरॉइडला आतडं दाद देत नाही आणि सर्जन दाराशी उभा आहे. स्वीडन आणि डेन्मार्कमध्ये २००५ साली अशाच ४५ रुग्णांवर एक छोटी चाचणी झाली. इन्फ्लिक्सिमॅबचा एक डोस मिळालेल्या २४ पैकी ७ जणांचं मोठं आतडं तीन महिन्यांत काढावं लागलं; न मिळालेल्या २१ पैकी १४ जणांचं. त्या रात्री चौदाव्या आठवड्याचा हिशेब कोणी करू नये. पण ओपीडीत खुर्चीवर बसलेल्या माणसाबाबत तो करायला वेळ असतो.

सुरक्षिततेकडे येऊ. परदेशात या औषधांबद्दल विचारला जाणारा पहिला प्रश्न कर्करोगाचा असतो, आपला पहिला प्रश्न क्षयाचा असायला हवा. टीएनएफ हे सूज पेटवतं तसंच क्षयाच्या जंतूंना गाठीत कोंडूनही ठेवतं. ते बांधून टाकलं की कोंडलेले जंतू सुटतात. २००१ साली अमेरिकेत हे पहिल्यांदा ठळकपणे मांडलं गेलं, तेव्हा जगभरातल्या साधारण १ लाख ४७ हजार रुग्णांमधून क्षयाच्या ७० केसेस कळवल्या गेल्या होत्या. त्यांतल्या ४८ जणांचे तीन किंवा त्याहून कमीच डोस झाले होते. निम्म्याहून अधिक केसेसमध्ये क्षय फुप्फुसाबाहेरचा होता, म्हणजे खोकल्याची वाट पाहत बसणाऱ्याला तो उशिरा सापडणार.

हे जगाचे आकडे. जगातले सुमारे एक चतुर्थांश क्षयरोगी ज्या देशात आहेत आणि जिथे राष्ट्रीय सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरच्या सुमारे ३१ टक्के लोकांत क्षयाचा सुप्त संसर्ग आढळला, तिथलं गणित वेगळं असणारच. २०१८ साली दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी इन्फ्लिक्सिमॅब घेतलेल्या आतड्याच्या सूजेच्या रुग्णांचा आढावा छापला. आधी क्षयाच्या तपासण्या करूनही ११ टक्क्यांहून अधिक रुग्णांना क्षय झाला. तपासण्या करूनही, हे शब्द पुन्हा वाचावेत असे आहेत. मांटू चाचणी निगेटिव्ह आली, छातीचा फोटो स्वच्छ आला, म्हणजे सुटलो असं होत नाही. स्टिरॉइडवर असलेल्या माणसाची मांटू तर खोटी निगेटिव्ह येऊ शकते. त्या आढाव्यातले रुग्ण शंभरही नव्हते. एवढ्या मोठ्या देशाच्या एवढ्या नेमक्या प्रश्नाला आपण एवढ्याशा वहीवर उत्तर शोधतोय.

इथे कोणी म्हणेल, मग नकोच ही इंजेक्शनं, गोळ्यांवर भागवा. घरोघरी हाच सल्ला मिळतो, आणि तो सगळ्यात धोक्याचा आहे. कारण 'गोळ्यांवर' म्हणजे व्यवहारात स्टिरॉइडवर. दहा रुपयांची पट्टी, चिठ्ठी न दाखवता मिळणारी, दोन दिवसांत रक्त थांबवणारी. पायरीपायरीने कमी करून बंद करायच्या असतात, हे सांगितलं जातं. पण रक्त दिसलं की माणूस पुन्हा तीच पट्टी फोडतो. साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, डोळ्यांत मोतीबिंदू, आणि संसर्गाचा धोका बायोलॉजिकपेक्षा कमी असतो असंही नाही. अमेरिकेत क्रोन्सच्या ६,२७३ रुग्णांची अनेक वर्षं नोंद ठेवली गेली. त्यात गंभीर संसर्गाचा धोका इन्फ्लिक्सिमॅबने सुमारे दीडपट झाला होता, प्रेडनिसोलोनच्या कुळातल्या स्टिरॉइडनेही जवळपास तेवढाच. मृत्यूचा धोका मात्र स्टिरॉइड घेणाऱ्यांत दुपटीहून अधिक होता, इन्फ्लिक्सिमॅबने तसा वाढलेला दिसला नाही. अर्थात स्टिरॉइड जास्त आजारी माणसाला दिलं जातं, हे धरूनच तो आकडा वाचायला हवा. तरी बायोलॉजिकची तुलना निर्धोक जगण्याशी करायची नसते. ती त्या दहा रुपयांच्या पट्टीशी करायची असते.

कर्करोगाच्या भीतीचंही तसंच. फ्रान्सने २०१७ साली आतड्याच्या सूजेच्या १ लाख ८९ हजार रुग्णांची माहिती तपासली. टीएनएफविरोधी औषध एकटं घेणाऱ्यांत लिम्फोमाचा, म्हणजे लसीकाग्रंथींच्या कर्करोगाचा, धोका जवळपास अडीचपट आढळला, अ‍ॅझाथायोप्रिनसोबत घेणाऱ्यांत सहापट. सहापट म्हटलं की हातपाय गळतात. पण प्रत्यक्ष संख्या बघा: दोन्ही औषधं वर्षभर घेणाऱ्या हजार माणसांत साधारण एक जण. कुठलंच न घेणाऱ्या हजारांत पाव. तरुण मुलग्याच्या बाबतीत आणि सत्तरीच्या आजोबांच्या बाबतीत या आकड्याचं वजन वेगळं होईल. ते डॉक्टरांनी समोर बसून सांगायचं.

मला कर्करोगाच्या आकड्यांहून जास्त भावलं ते हा अभ्यास कुठून आला ते. कोणत्याही कंपनीला त्यासाठी चाचणी उभारावी लागली नाही. फ्रान्सचा आरोग्यविमा सार्वजनिक आहे. कोणाला काय औषध गेलं, पुढे काय झालं, हे आधीच एका ठिकाणी लिहिलेलं होतं. नॉर्वेनेही सरकारी पैशानेच उत्तर शोधलं. इन्फ्लिक्सिमॅबचं स्वस्त बायोसिमिलर, म्हणजे दुसऱ्या कंपनीने मूळ औषधाबरहुकूम बनवलेलं औषध, आलं; मूळ औषधावरून त्यावर वळवलं तर रुग्ण बिघडतील का, हा प्रश्न होता. कंपनीच्या भरवशावर न राहता सरकारने पैसे दिले, ४८२ रुग्णांवर चाचणी झाली, २०१७ साली उत्तर आलं: आजार बळावला तो मूळ औषधावर २६ टक्क्यांत, बायोसिमिलरवर ३० टक्क्यांत, आणि हा फरक आधी ठरवलेल्या मर्यादेच्या आत होता. जपानचे माजी पंतप्रधान शिंजो आबे यांनी दोनदा पद सोडलं त्यामागे हाच कोलायटिस होता. पण तिथे हा आजार शासनाच्या दुर्धर रोगांच्या यादीत आहे, म्हणून उपचार फक्त पंतप्रधानांना परवडतात असं होत नाही. रुग्णाने महिन्याला जास्तीत जास्त किती भरायचं त्याची मर्यादा उत्पन्नावर ठरते. जो पैसे देतो तो मोजतो, इतकं साधं आहे हे.

आणि आपल्याकडे? कोलायटिसचे रुग्ण किती, इथूनच घोटाळा. पंजाबात लुधियानाच्या डॉक्टरांनी घरोघरी जाऊन केलेल्या पाहणीत लाखाला ४४ असं प्रमाण निघालं. ती २००३ साली छापून आली आणि आजही तीच सांगितली जाते. तो हिशेब सगळ्या देशाला लावला तर सहा लाखांच्या वर जातो. जागतिक रोगभाराच्या अंदाजात २०१९ साली भारतात कोलायटिस आणि क्रोन्स दोन्ही धरून सुमारे २ लाख ७० हजार रुग्ण होते. पंजाबचं प्रमाण देशभर लावणं बरोबर नाही, हे मान्य. पण दुपटीहून जास्त फरकाच्या दोन आकड्यांमध्ये आपण धोरण कुठे उभं करणार?

औषधांच्या बाबतीत मात्र आपण मागे नाही, आणि म्हणून चीड जास्त येते. अ‍ॅडॅलिमुमॅब या दुसऱ्या टीएनएफविरोधी औषधाचं जगातलं पहिलं बायोसिमिलर २०१४ च्या डिसेंबरात अहमदाबादच्या झायडसने बाजारात आणलं, अमेरिकेतल्या किमतीच्या साधारण पाचव्या हिश्शात. तरीही साठ किलोच्या माणसाला इन्फ्लिक्सिमॅबच्या शंभर मिलिग्रॅमच्या तीन व्हायल एका वेळी लागतात. पहिल्या वर्षात आठ सलाइन, म्हणजे २४ व्हायल. महिन्याला वीस-पंचवीस हजार मिळवणाऱ्याला पाचवा हिस्सासुद्धा डोंगर असतो.

आपल्या बायोसिमिलरच्या नियमावलीत २०१६ च्या सुधारणेनुसार एक चांगली अट आहे. विक्रीची परवानगी मिळाल्यापासून दोन वर्षांत निदान २०० रुग्णांवर बाजारपश्चात अभ्यास करायचा. म्हणजे प्रत्यक्ष वापरातली माहिती गोळा व्हावी, हे सरकारलाही पटलेलं आहे. मग ते अहवाल मराठीत सोडा, इंग्रजीत तरी रुग्णाला वाचता येतील अशा एका जागी का ठेवू नयेत? त्यातले कोलायटिसचे किती आणि संधिवाताचे किती, हेही कळायला हवं. बरीच बायोसिमिलर संधिवातावर तपासली जातात आणि तिथला निष्कर्ष आतड्याला लावला जातो. शास्त्राला ही रीत मान्य आहे, नॉर्वेचा अनुभवही तिच्या बाजूचा आहे. पण रुग्णाला ते सांगायला काय हरकत आहे?

आता तर प्रश्न आणखी निकडीचा होतोय, कारण टोफासिटिनिब आलंय. हे बायोलॉजिक नाही, साधी गोळी आहे. जेनेरिक निघाल्यापासून बायोलॉजिकच्या मानाने फारच स्वस्त झाली. लुधियानातच तीव्र कोलायटिसच्या १०४ रुग्णांवर चाचणी झाली. शिरेतल्या स्टिरॉइडसोबत ही गोळी दिली तर सातव्या दिवशी ८३ टक्क्यांना फरक, नुसत्या स्टिरॉइडने ५९ टक्क्यांना. आपल्या लोकांवर, आपल्याच डॉक्टरांनी केलेलं हे काम, अभिमान वाटावा असं. त्याच चाचणीत गोळी घेणाऱ्या एकाच्या मेंदूतल्या शिरेत गुठळी झाली, तेही त्यांनी लपवलं नाही. पन्नाशीपुढच्या, हृदयविकाराचा धोका असलेल्या संधिवाताच्या रुग्णांत याच औषधाने हृदयविकार आणि कर्करोगाचं प्रमाण टीएनएफविरोधी औषधांपेक्षा जास्त दिसलं, म्हणून अमेरिकेने २०२१ साली त्यावर ठळक इशारा छापायला लावला. माझा अंदाज असा, की आपल्याकडे कोलायटिसचं पुढचं दशक ही गोळी ठरवेल. सलाइन निदान रुग्णालयात लागते, कोणाला लागली ते कुठे तरी लिहिलं जातं. गोळी काउंटरवरून जाते.

विम्याची गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. विमा नियामकाने २०१९ च्या सप्टेंबरात एकच मार्गदर्शक सूचना काढली. तिच्या एका प्रकरणात आधुनिक उपचारांची यादी होती, जे कंपन्यांना नाकारता येणार नाहीत. त्यात इंजेक्शनने द्यायच्या मोनोक्लोनल अँटिबॉडी होत्या, म्हणजे आपली ही औषधं. दुसऱ्या प्रकरणात अशा आजारांची यादी होती, जे आधीपासून असतील तर कायमचे वगळायला कंपन्यांना मुभा. त्यात आतड्याच्या सूजेचे आजार होते. एकाच कागदावर औषध मंजूर आणि आजार नामंजूर. शासकीय योजनांची अडचण निराळी. त्या दाखल होणं, शस्त्रक्रिया आणि पॅकेज या हिशेबाने चालतात. आतडं काढायचं तर पॅकेजची भाषा लगेच जुळते; आतडं वाचवण्यासाठी दर आठ आठवड्यांनी दोन तास खाटेवर येऊन जाणारा माणूस त्या भाषेत नीट मावत नाही.

पण मावणारच नाही असं नाही. डायलिसिसवाला आठवड्याला दोन-तीनदा येतो, आयुष्यभर येतो, हे शासनाला समजलं आणि २०१६ पासून त्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम आहे. मोजता येत नाही असंही कोणी म्हणू नये. क्षयाचा प्रत्येक रुग्ण 'निक्षय' पोर्टलवर नोंदवला जातो, खासगी दवाखान्यातला सुद्धा. त्याच्या खात्यात पोषणाचे पैसे जातात, डोस चुकला तर आशाताई दारात येते. त्याच पोर्टलमध्ये 'हा रुग्ण बायोलॉजिक किंवा टोफासिटिनिबवर होता का' असा एक चौकोन वाढवला तरी देशातल्या सगळ्यात महत्त्वाच्या धोक्याचं उत्तर दोन-तीन वर्षांत हाती येईल. नवं कार्यालय नको, नवी समिती नको.

माझे एक डॉक्टर मित्र यावर हसतात. सकाळच्या ओपीडीत साठ पेशंट, रिॲक्शनचा फॉर्म भरायला वेळ कुणाला? त्यांचं खरं आहे. पण औषधाचा दुष्परिणाम रुग्णाला स्वतःलाही कळवता येतो, गाझियाबादहून चालणाऱ्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा १८००-१८०-३०२४ हा फुकट क्रमांक त्यासाठीच आहे. सलाइन लावणाऱ्या किती खोल्यांच्या भिंतीवर तो लिहिलेला पाहिलात? भावाची रिॲक्शन तिथे कळवली गेली का, असं मी त्या रुग्णालयात विचारलं होतं. समोरच्या मुलीने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू मी बिलात सूट मागतोय.

डॉक्टर मित्राला मी शेवटी एवढंच म्हटलं, की फॉर्म राहू दे. पहिल्या सलाइनच्या आधी संमतीपत्रावर सही घेतोस ना, तिथे छापील मजकुरात एक ओळ वाढव: चौदाव्या आठवड्याचे पैसे कुठून येणार? उत्तर कोरं राहिलं तर त्या दिवशी सलाइन लावू नकोस; समाजसेवा विभागात पाठव, बायोसिमिलरचा भाव काढ, गोळीचा विचार कर, आतडं काढण्याचं सुद्धा न घाबरवता बोल. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, अशाने निम्मे पेशंट सुरूच होणार नाहीत. मी विचारलं, आत्ता निम्मे पुरे होतात का? ते त्याला माहीत नव्हतं.